सोनाबाईचा खांदा आणि माझ्या सुया

सुया लावून झाल्या की पेशंटला वीसेक मिनिटं हलता येत नाही. पंख्याकडे बघत गपगार पडून राहायचं. अशा वेळी माणसाचा एकच अवयव मोकळा असतो, तो म्हणजे तोंड. दिग्रसला अॅक्युपंक्चरचा दवाखाना काढल्यापासून मी जेवढ्या गोष्टी ऐकल्यात, तेवढ्या पंगतीत वाढणाऱ्यानेही ऐकल्या नसतील. आणि ज्या ऐकल्या नाहीत, त्या माझ्या डोळ्यांसमोर घडल्या. त्यातल्या बऱ्याचशा सोनाबाईंच्या आहेत, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

आधी आमच्या घराची मांडणी सांगते. दार एक, दवाखाने दोन. उजवीकडे माझा नवरा, हाडांचा डॉक्टर. डावीकडे मी. मोडलं असेल तर उजवीकडे, नुसतं दुखत असेल तर डावीकडे, असं आता रिक्षावाल्यांनाही पाठ झालंय. नवरा माझ्या खोलीला ‘शिवणखातं’ म्हणतो. मी त्याच्या खोलीला ‘सुतारखातं’ म्हणते. संसार चांगला चाललाय.

तर एक दिवस सुतारखात्याचं दार उघडून तो म्हणाला, “या आजींना तुमच्याकडे पाठवतोय. खांदा आखडलाय. व्यायाम सांगितला तर दुखतं म्हणून करत नाहीत. गोळ्या दिल्या तर पोटात आग पडते. बघा, एखादा टाका घालून.”

या सोनाबाई राठोड. गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावर राहतात. दंडापर्यंत बांगड्या, अंगावर आरशांची काचोळी, आणि उजवा हात पदरात लपवून धरलेला. कापूस वेचता वेचता खांदा धरला तो धरलाच.

“काय करता येत नाही, आजी?” मी विचारलं.

“येणी घालता येत नाही. पाठ घासता येत नाही. थे जाऊ दे. नातीचं लगन हाय उन्हाळ्यात. पायलचं.”

मग त्यांनी ढावलो म्हणजे काय ते सांगितलं. सासरी जाताना नवरी घरातल्या एकेका बाईच्या गळ्यात पडते. दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकून रडत रडत गातात, तो ढावलो. पायलची याडी, म्हणजे आई, ती लहान असतानाच गेली. पोर वाढवली सोनाबाईंनी.

“तिच्या याडीच्या जागी मीच हावो. पोरगी माह्या गळ्यात पडन, आन् मी काय एका हातानं रडू?”

हे ऐकल्यावर मला तो खांदा आपल्या घरचाच वाटायला लागला. उन्हाळ्यापर्यंत हात गळ्यापर्यंत पोचलाच पाहिजे, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं.

*

पहिल्याच दिवशी मी त्यांच्या पायाच्या नडगीवर एक सुई लावली. खांद्याच्या दुखण्याला ही जागा बरेचदा उपयोगी पडते.

सोनाबाईंनी पायाकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. फार समजुतीच्या सुरात, लहान मुलीला सांगावं तसं म्हणाल्या, “बाई, खांदा वरतं असते.”

“माहितीये मला. आता हात हळूहळू उचला.”

हात उचलला. रोज थांबायचा तिथे थांबला, आणि मग आणखी वीतभर वर गेला. त्यांनी खाली आणला, पुन्हा वर नेला. बराच वेळ स्वतःच्या नडगीकडे बघत बसल्या.

“म्हंजे खांद्याची चाबी देवानं पायात ठेवली होती व्हय? आन् मी आपली वरतंच तेल चोळून राह्यली होती.”

*

सुईची भीती वाटते का, हे मी प्रत्येक पेशंटला विचारते. धिप्पाड माणसं सुई पाहून घाम पुसतात. सोनाबाईंना विचारलं तर त्यांनी हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण.

“हे काय फुलानं काढलं का?” त्या म्हणाल्या. “आन् काचोळीवर एक एक आरसा टाचताना बोटात किती डाव सुई जाते, माईत हाय तुले? सुईनं दुखणं जात असतं ना, तर आमच्या तांड्यातली एकबी बाई कधी दुखली नसती.”

मी पुढची सुई उचलली. शिक्षणात असले प्रश्न येत नाहीत.

मात्र पुढच्या खेपेला पडद्यापलीकडच्या बाईच्या अंगावर आपल्यापेक्षा जास्त सुया आहेत हे त्यांनी बरोबर हेरलं, आणि चेहरा पाडून पडून राहिल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, “तिले येवढ्या, आन् मले येवढ्याशाच? मी काय पावभर दुखणं घेऊन आली का?”

*

आता सलीमभाई. बसस्टँडमागे ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरखाली वाकून कंबर गेलेली. त्यांच्या सुयांना मी बारीक करंट देणारं यंत्र जोडायची. मुंग्या आल्यासारखं होतं, बाकी काही नाही. पण सलीमभाईंनी गॅरेजमध्ये जाहीर केलं की म्याडम करंट सोडते आणि माणूस सीधा होते. आठवडाभर लोक माझ्याकडे औषध नाही, करंट मागायला येत होते. एकाने तर थ्री फेज आहे का म्हणून चौकशी केली.

एक दिवस यंत्रातला सेल संपला. “सलीमभाई, आज नुसत्या सुया लावते, सेल नाही,” असं मी म्हटलं आणि हात धुवायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर सलीमभाई गायब. दहा मिनिटांत परत आले ते मागे ट्रॅक्टरची बॅटरी उचलून आणणारी दोन माणसं घेऊनच.

“घ्या म्याडम, लावा.”

“अहो, काहीतरीच काय! परत न्या ती.”

सलीमभाई दुखावले. कमरेला हात लावून म्हणाले, “म्याडम, याच्यानं येवढा ट्रॅक्टर उठून राह्यला, मंग मी काहून नाही उठणार?”

*

हे सगळं चालतं कसं, हा प्रश्न मला नवरा विचारतो आणि गावही विचारतं. फरक इतकाच की गाव उत्तर ऐकून घेतं.

व्यापारी मंडळींच्या एका कार्यक्रमात मला बोलायला बोलावलं होतं. मी जीव तोडून समजावलं. ठेच लागली की आपण तिथे लगेच चोळतो, आणि चोळल्यावर बरं वाटतं. का? तर चोळल्याचा निरोप दुखण्याच्या निरोपाला वाटेत अडवतो. सुईचंही थोडंफार तसंच असावं. शिवाय टोचल्यावर मेंदू स्वतःच वेदना कमी करणारी द्रव्यं सोडतो, असं बरेच अभ्यासक मानतात. यातलं किती सुईमुळे आणि किती विश्वासामुळे, यावर अजून भांडणं चालू आहेत. मी ते लपवत नाही.

टाळ्या झाल्या. मग कापसाच्या जिनिंगवाले एक शेठ उठले. “म्याडम, म्हंजे दवाई आपल्या डोक्यातच तयार होते?”

“हो, असं म्हणता येईल.”

“मंग हे सुयाचं लफडं कायले? थे दवाईच काढून बाटलीत भरून द्या ना. माल मी उचलतो.”

*

विश्वासाचं म्हणाल तर देशमुख सरांचं उदाहरण आहे. निवृत्त मुख्याध्यापक, अर्धशिशीने हैराण. एका दुपारी त्यांना झोपवलं, नाडी पाहिली, दोन शब्द बोलले, आणि सुया घ्यायला वळणार तोच उजवीकडून नवऱ्याने हाक मारली. एक पोरगं आंब्यावरून पडून आलं होतं. त्याला धरायला मी गेले. परत आले तर सर घोरत होते.

जागे झाले, कपाळ दाबून पाहिलं आणि म्हणाले, “वा! आज तर कमाल झाली. डोकं एकदम हलकं.”

माझ्याच्याने खोटं बोलवेना. “सर, मी अजून सुई लावलीच नाही.”

शिक्षक माणूस. क्षणभर विचार केला. चष्मा घातला.

“मग असं करा,” ते म्हणाले, “गुरुवारी येतो तेव्हाही तीच न लावलेली लावा.”

ही गोष्ट नवऱ्याला सांगायला नको होती. तो दोन महिने येता-जाता हसायचा. “प्लासिबो,” असा एकच शब्द टाकायचा आणि निघून जायचा.

*

पण देव आहे. एका रविवारी सकाळी ह्याच माणसाची मान धरली. मान डावीकडे वळेना, म्हणजे अगदी नेमकी माझ्या खोलीच्या बाजूला. आधी मलम झालं, मग गोळी, मग गरम पाण्याची पिशवी. शेवटी चहाचा कप ठेवत, दुसरीकडेच बघत म्हणाला, “तुझं ते... रिकामं आहे का टेबल?”

मी टेबलावरची चादर झटकली. झोपवलं आणि सुया लावल्या. माझ्या आयुष्यात इतक्या प्रेमाने मी कुणाला टोचलेलं नाही.

उठला. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. ती वळत होती. मी हाताची घडी घालून उभी.

“प्लासिबो आहे,” तो म्हणाला.

“बरं.”

दारापर्यंत गेला, थांबला. “उद्या पुन्हा लावावा लागेल का?”

*

सोनाबाईंचा खांदा मात्र सरळ चालला नाही. होळीपर्यंत रात्रीची झोप लागू लागली, वेणी घालता येऊ लागली. सुया लावल्या की दुखणं कमी व्हायचं, आणि दुखणं कमी झालं की त्या सुतारखात्याचा व्यायाम करायच्या. आमच्या दोन्ही खात्यांचा तो पहिला एकत्र पेशंट. त्यांना टेबलावर झोपवून मी हात धरला तर तो पार कानापर्यंत जायचा. पण उभं राहून स्वतः उचलायचा म्हटलं की खांद्याच्या रेषेत येऊन थांबायचा. सांधा मोकळा होता. दुखणं तेवढं वाटेत उभं होतं.

लग्न जवळ आलं तसं त्यांचं येणं थांबलं. घरात पाहुणे, कामं. पत्रिका द्यायला पायल स्वतः आली. तिने हळूच विचारलं, “म्याडम, आजीचा हात येवढाच राहीन का आता?”

“येवढा तरी आला ना,” मी म्हटलं. दुसरं काय सांगणार? पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

लग्नाला आम्ही दोघेही गेलो. वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून पर्समध्ये सुयांची डबी टाकली होती. जेवणं झाली. नवरीला निरोप द्यायची वेळ झाली. पायल एकेका बाईच्या गळ्यात पडत होती आणि ढावलो चालू होता. मला त्यातले शब्द कळत नव्हते. सगळ्यांत शेवटी ती सोनाबाईंसमोर आली. पोरगी आजीपेक्षा चांगली वीतभर उंच.

सोनाबाईंचा डावा हात तिच्या गळ्यात गेला. मी उजव्याकडे बघत होते. तो खांद्याच्या रेषेत आला, जिथे रोज थांबायचा तिथे आला, आणि थांबला नाही. सरळ वर गेला, नातीच्या मानेभोवती पडला आणि तिथे घट्ट बसला. दोघी गाऊ लागल्या. ढावलो चांगला लांब चालतो. गाणं संपेपर्यंत तो हात खाली आला नाही.

मी रडत होते आणि मनातून अशी काही जिंकले होते की काय सांगू. जिनिंगवाले शेठ, देशमुख सर, सगळे तिथे हवे होते असं वाटलं.

नवरा कानाशी वाकला. “सकाळी सुया लावल्या होत्यास?”

“नाही. पंधरा दिवसांत आल्याच नाहीत त्या.”

तो ‘प्लासिबो’ म्हणाला नाही. चष्मा काढून पुसत राहिला.

गाडी निघून गेल्यावर मी सोनाबाईंजवळ गेले. उजवा हात मांडीवर ठेवून त्या एकट्या बसल्या होत्या. मी खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, “आजी, दुखलं नाही का हो?”

“दुखलं ना वं बाई,” त्या म्हणाल्या. “लय दुखलं. पण पोरगी रडून राह्यली होती, तवा खांद्याकडे कोण पाह्यते?”