श्रीच्या खालचं नाव

आमच्या खोलीत जेवायच्या जागेवर त्या उन्हाळ्यात कॉम्प्युटर उघडे पडलेले असायचे. जेवायची वेळ झाली की हे ते उचलून पलंगावर ठेवायचे, ताटं निघाली की परत खाली. हे तेव्हा दुसऱ्याच्या दुकानात दुरुस्तीला जायचे. धाकटे भावोजीही त्याच कामातले, पण ते सुटी कामं घ्यायचे. दोघांनी मिळून आपलं काहीतरी काढायचं, हे बोलणं बरीच वर्षं चाललं होतं.

मग भोईवाड्यातल्या एका संस्थेचं काम आलं. तिथे बायकांचा शिवणवर्ग चालायचा. त्याच हॉलमध्ये त्यांना कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचा होता. एका ऑफिसने आपली जुनी मशीनं त्यांना दिली होती. अट एकच, ऑफिसचं आतलं सगळं पुसून मगच वापरायची. वर्ग चालवणाऱ्या बाईंनी तसा शब्द दिला होता आणि ह्यांना पुन्हा पुन्हा बजावलं होतं. काम नीट झालं तर पुढची देखभाल आमच्याकडेच येणार होती. ती मिळाली की हे दुकानातली नोकरी सोडणार होते.

पुसलेल्या मशीनांत सगळं नव्याने भरायचं कसं, यावर दोघा भावांचं जुंपलं. भावोजींनी एक सीडी बनवली होती. ती घातली की मशीन काही विचारत नाही. विचारायचे ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं भावोजींनी सीडीतच भरून ठेवली होती. प्रत्येक मशीन आपापलं नव्याने तयार होतं. ह्यांचं म्हणणं, त्यानंतरही मराठी टायपिंग, प्रिंटर, सगळं दर मशीनवर हाताने घालावंच लागतं. त्यापेक्षा एकच मशीन पूर्ण तयार करावं आणि त्याची जशीच्या तशी नक्कल बाकीच्यांवर उतरवावी.

मी बाजूला बसून मिरच्यांची देठं काढत होते. मसाल्याचे दिवस होते, गल्लीत खाली मसाला कुटायचे डंख सुरूच असायचे. ह्यांनी माझ्या पुढ्यातली परात बघितली आणि मला समजावून सांगितलं. भावोजींची सीडी म्हणजे मिरची, धणे, खडा मसाला मोजून पुड्या बांधायच्या आणि घरोघरी वेगळं भाजून कुटायचं. ह्यांची रीत म्हणजे एकदाच कुटायचं आणि सगळ्यांचे डबे भरायचे.

“आणि भाजताना मिरची करपली तर?” भावोजी म्हणाले. “सगळ्या डब्यांत करपट जाणार, दादा.”

“म्हणून तर भाजायला मी बसतोय. तू नाही.”

शेवटी ह्यांचंच झालं. मशीनं बहुतेक एकाच जातीची होती. थोडी वेगळी होती, त्यांना ही नक्कल चालणार नव्हती. तेवढी भावोजींनी सीडीने करायची ठरली.

रविवारी सकाळी नकलेचं पहिलं मशीन तयार झालं. नव्या वस्तूला पहिला हात मी लावायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. गॅस आला तेव्हा पहिलं दूध मी उतू घालवलं. शिलाई मशीनवर पहिली टीप मी मारली. ह्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि मला पुढे बसवलं. मी नको म्हणत होते. माझी शाळा चौथीपर्यंत, आणि मला कोणी बघत असलं की हात चालत नाही. हे म्हणाले, “वर श्री लिही. खाली तुला हवं ते लिही.” कळांवर मराठी अक्षरांचे कागद चिकटवलेले होते. मला संकोच वाटू नये म्हणून की काय, हे नारळ फोडायला गॅलरीत गेले.

श्री जुळवायलाच बराच वेळ लागला. खाली जायची कळ मी जरा जास्तच दाबली असावी. श्री वर निघून गेला आणि पुढे पांढरं पान आलं. काय लिहावं कळेना. शाळेत पेपरावर सगळ्यांत आधी जे लिहायचे तेच हाताला आलं. माझं नाव. लग्नाआधीचं. लग्नात तांदळात दुसरं नाव लिहिलं गेलं, तेव्हापासून तेच चालतं. आई-वडील गेले, भावंडं मला ताई म्हणतात. ते नाव घेणारं आता कोणी उरलं नव्हतं.

हे आत आले, पानाच्या वर जाऊन श्री बघितला आणि खुश झाले. सगळ्या मशीनवर राहू दे हा, म्हणाले. खाली त्यांनी पाहिलं नाही, आणि मीही बोलले नाही.

वर्गाच्या पहिल्या दिवशी पेढ्यांचं ताट घेऊन मी हॉलच्या मागे उभी होते. बाईंनी एका मशीनवर श्री उघडला, कौतुक केलं, आणि वाचत वाचत खाली गेल्या. मग दुसरं मशीन उघडलं, मग तिसरं. मग भावोजींनी भरलेल्या, खिडकीजवळच्या मशीनांकडे गेल्या. तिथे काहीच नव्हतं.

“ती मशीनं कोरी आणि ह्यांत कोणा बाईचं नाव,” त्या ह्यांना म्हणाल्या. “म्हणजे ही तुम्ही पुसलीच नाहीत. ऑफिसातल्या कोणाचं आहे हे?”

हे म्हणाले, मी स्वतः पुसलंय. पण त्यांचा आवाज खाली आला होता. नाव वाचूनही त्यांना काही आठवत नव्हतं. भावोजी शेजारी उभे होते, ते हळूच म्हणाले, “करपलं, दादा.” बाई म्हणाल्या, आजचा वर्ग राहू द्या, मला आधी ऑफिसला कळवावं लागेल.

मी ताट टेबलावर ठेवलं. “ते माझं नाव आहे.”

कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

बाईंनी वळून बघितलं. साड्यांना फॉल लावून द्यायला मी तिथे जायचे, त्यामुळे त्या मला ओळखत होत्या. “तुमचं? तुमचं नाव तर वेगळं आहे.”

“लग्नाआधीचं.”

पुढच्या बाकावरच्या एक वयस्कर बाई हसल्या आणि त्यांनी आपलं आधीचं नाव सांगितलं. त्यांच्या शेजारणीने आपलं सांगितलं. मग मागच्या रांगेतूनही नावं आली. बाई थोडा वेळ ऐकत राहिल्या. हे तोवर पुढे झाले होते. एकच पान सगळीकडे कसं गेलं ते त्यांनी बाईंना दोन मशीनं शेजारी शेजारी उघडून दाखवलं. बाईंना पटलं. त्या एवढंच म्हणाल्या, आता ते काढा आणि वर्ग सुरू करा. भावोजी एकेका मशीनवर बसून काढत गेले.

घरी येताना भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर सिग्नलला थांबलो तेव्हा हे म्हणाले, “ते नाव लग्नात भटजींनी सांगितलं होतं गं. माझ्या डोक्यातून गेलं.” माझ्याही तोंडात ते फार दिवसांनी आलं होतं.

देखभाल आम्हाला मिळाली आणि ह्यांनी नोकरी सोडली. आता नवं काम आलं की पहिलं मशीन भावोजींच्या सीडीने करतात आणि बाकीची त्याच्या नकलेने, त्यामुळे दोघांचंही खरं झालं. पहिला हात अजून मीच लावते. वर श्री, खाली तेच नाव. नक्कल उतरवण्याआधी हे ते पान तळापर्यंत नेतात, नाव मोठ्याने वाचतात, मग पुसतात. मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी असते. वाचून होईपर्यंत नळ बंद ठेवते.