दोन बोल्टांची मान

गिटार बनवणाऱ्या त्या माणसाला सगळे 'डबल' म्हणत, कारण कोणतीही गोष्ट एकदा जोडून त्यांचं समाधानच होत नसे. घरातल्या खुर्च्यांना खिळे, खिळ्यांवर पट्ट्या, पट्ट्यांवर स्क्रू. चपलेचा अंगठासुद्धा त्यांनी तारेने आवळला होता. चप्पल टिकली, पाय सोलला.

तरुणपणी त्यांनी बनवलेली पहिली गिटार एका वादकाने भर कार्यक्रमात उचलली आणि मान त्याच्या हातात आली, धड मांडीवरच राहिलं. लोकांना वाटलं, गंमत आहे. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या डबलना मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणीने काही मनावर घेतलं नाही.

तेव्हापासून मान जिथे धडाला मिळते, त्या सांध्यापायी त्यांनी जिवाचं रान केलं. सहा तारा त्या सांध्याला सतत ओढत असतात, हे त्यांना जेवतानाही आठवे. धडात खाच, खाचेत मानेचं टोक, सरसाचा लेप, मग आरपार लाकडी खुंटी, मग बोल्ट. तरीही त्यांचं मन भरत नसे. गिटार दोन स्टुलांवर आडवी ठेवायची आणि त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, मानेवर बसून चहा प्यायचा. ताई अंगाने भरभक्कम. चहा संपेपर्यंत सांधा कुरकुरला नाही तर गिटार पास.

"आणखी एक कप आण," ताई म्हणायची, "सांध्याचा काय भरवसा?"

आणि इतक्या वर्षांनी तोच वादक दारात उभा राहिला. मोठा कार्यक्रम होता, आणि डबलच्या गिटारसारखा आवाज त्याला दुसरीकडे कुठे मिळाला नव्हता. डबलच्या डोळ्यांत पाणीच आलं. गेलेली अब्रू आपल्या पायांनी परत आली होती. या गिटारला त्यांनी तीन बोल्ट आवळले, वर लोखंडी पट्टी.

बायकोने एक तार छेडली. "अहो, हे वाजतंय की कपाटावर कोणी धडकलंय?"

"मजबूत आहे."

"मजबूत तर आपला पलंगही आहे. तो कोणी वाजवतं का?"

पट्टी निघाली, एक बोल्टही निघाला. आवाज मोकळा झाला आणि डबलची झोप उडाली.

कार्यक्रमाला जायची त्यांची छाती झाली नाही. काढलेला बोल्ट मुठीत धरून ते घरीच बसले. फोन वाजला. कार्यक्रमाचा आयोजक ओरडत होता, "घात झाला हो! मान मोडली!" आणि फोन बंद.

डबल मटकन खाली बसले. "एक बोल्ट... फक्त एक बोल्ट," म्हणत ओक्साबोक्शी रडू लागले. ताईनेही सूर लावला, "मेलं, मीच दुसरा कप घ्यायला हवा होता!"

बायकोने मुकाट्याने उलट फोन लावला. "मान मोडली म्हणजे कोणाची?... अगबाई! बरं." मग ती वळली. "गिटारची नाही हो. वादकाची. खुर्चीचा पाय निसटला नि ते उताणे पडले. मोडली नाहीय, लचकलीय. गिटारला ओरखडा नाही."

"वादकाचीच ना? नक्की?"

"नक्की."

"वा! जीव भांड्यात पडला!" डबल टुणकन उठले.

"अहो, माणूस दवाखान्यात आहे!"

"हो हो, फार वाईट झालं," ते म्हणाले, पण हसू काही आवरेना. रात्रभर आवरलं नाही.

काही दिवसांनी वादक कारखान्यात आला. गळ्यात जाड पट्टा, बगलेत गिटार.

"पडलो तेव्हा हिची मान घट्ट धरून होतो," तो म्हणाला. "ही नाही हलली. इतकी वर्षं मी लोकांना सांगत आलो, यांचा सांधा कच्चा. आज तुमच्यापुढे मान तुकवायला आलोय. पण डॉक्टर म्हणतात, वाकवायची नाही."

आणि तो तसाच ताठ उभा राहिला. या एका वाक्यासाठी डबलनी उभी हयात घालवली होती. ते जवळ गेले. सवयीने अंगठा पट्ट्यावर टेकवून त्यांनी जरा दाबून पाहिलं.

"एकच पट्टा?" ते काळजीने म्हणाले, आणि आत हाक मारली, "ताई, जरा बाहेर ये. चहा घेऊनच ये."