कोळी नसलेल्याचं बारसं

एका मेलेल्या प्राण्याचा पाय माझ्या हातून तुटला आणि शिक्षा माझ्या दादाला झाली.

दादाची लेक सायली आठ पायांच्या जीवांवर संशोधन करते. येरमाळ्याला आमच्या विहिरीच्या कपारीत तिला एक सापडला. दिसायला कोळी, पण कोळी नव्हे! जाळं नाही, विष नाही, कंबर नाही (म्हणजे थेट माझ्यासारखाच). डाळीएवढं अंग आणि केसासारखे लांब पाय. स्पिरिटच्या बाटलीत तो घालून ती म्हणाली, "आत्या, आख्खी प्रजातीच नवी दिसतीय! दुसऱ्या पायाची पेरं मोजली की नक्की कळंल. नमुना एकच हाय, कुणी हात लावू नका."

"मग नाव कोण ठेवणार?"

"मीच की!"

आत्या जिवंत असताना? हिच्यासकट दादाच्या तिन्ही लेकरांच्या कानात कुर्र केलं ते मी! मला संशय आला, ही मला मुद्दाम डावलतेय. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ह्याला कान कुठं असत्यात गं?"

"कान न्हाईत. दुसऱ्या पायांनी चाचपतंय ते. तेच कान समज."

झालं! दुपारी सगळे लवंडल्यावर मी बाटली उघडली, चिमट्यानं डावा 'कान' तोंडाशी ओढला आणि "कुर्रर्र..." म्हणाले. कान चिमट्यातच राहिला! दचकले, बाटली कलंडली, अर्धं स्पिरिट लादीवर. घाईघाईनं पुसलं, त्यात तो पायही गेला.

सायली उठली आणि किंचाळली, "पाय कुठाय? आन स्पिरिट कसं कमी झालं?"

वहिनींची नजर सरळ दादावर; त्यानं दारू नुकतीच सोडलेली. "अहो, तोंड उघडा."

"येडाईची शप्पथ, म्या न्हाई! अगं, त्यात कोळी हाय!"

"कोळी न्हाई, बाबा!" सायली ओरडली.

"वन्सं, तुम्हीच हुंगा. माझं नाक चोंदलंय."

मी हुंगलं. वास तंबाखूचा होता.

"येतंय खरं कायतरी," मी म्हणाले.

दादानं माझ्याकडं जे बघितलं, ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

नशीब, उजवा पाय शाबूत होता. प्रजाती नवीच ठरली. सायलीनं नाव बालाघाटाच्या डोंगरावरून ठेवलं. दादा मात्र दवाखान्यातून दंडाला स्पिरिट लावून सुई टोचून आला, तरी वहिनी अजून दारातच त्याचं तोंड हुंगतात.

म्हणून आज सांगून टाकते. वहिनी, दादा निर्दोष आहे. लादी मीच पुसली, आणि तीही तुमच्या नव्या टॉवेलानं. सायलीच्या लेखात नमुन्याच्या वर्णनात छापलंय, 'डावा दुसरा पाय नाही.' विज्ञानात माझं योगदान तेवढंच!