कड्यावरच्या पिंपातलं पाणी

आमचं घर घोडेगावात. मूळचे आम्ही मारवाडातले, पण तीन पिढ्या इथंच गेल्या. घरात मराठीच चालायची, लग्नातली गाणी तेवढी तिकडची. दुकान किराण्याचं, आणि उन्हाळ्यात हिरड्याची खरेदी. तळेघरच्या पलीकडच्या वाड्यांतली माणसं हिरड्याची गाठोडी डोक्यावर घेऊन यायची, वडील ती काट्यावर घालायचे, आणि बायका ओट्यावर बसून पाणी मागायच्या. आमच्याकडे पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही. आई दुहेरी फडक्यातून गाळलेलं पाणी तांब्यात द्यायची. त्यातली एक बाई प्यायच्या आधी तांब्यात डोकावून बघायची आणि म्हणायची, "शेटाणीबाय, हे तर निस्तं आरशावानी हाय."

पुढे हीच बाई माझ्या कामात आली. तिला मी मावशी म्हणायचे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं. तेवढ्यात एका छोट्या संस्थेत काम मिळालं. संस्था म्हणजे काय, धरणांच्या कामावर आयुष्य घालवून निवृत्त झालेले एक इंजिनिअर, एक जुनी जीप आणि मंचरमधली एक खोली. आम्ही त्यांना साहेब म्हणायचो. दूर कुठेतरी समुद्राकाठच्या कोरड्या डोंगरांवर जाळ्या उभ्या करून धुक्यातलं पाणी धरतात, असं त्यांनी वाचलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. भीमाशंकरच्या अंगाला पाऊस एवढा पडतो की माणसं चार महिने घोंगडीतून बाहेर निघत नाहीत, आणि होळी झाली की त्याच वाड्यांतल्या बायका दरीत उतरून झऱ्यातून वाटी वाटीनं हंडा भरतात. पण एप्रिल-मे महिन्यांत पहाटे कोकणातून धुकं वर चढतं. ते जाळीत अडकलं तर?

एका वाडीत दोन जाळ्या लावायच्या ठरल्या. पहिली शाळेजवळ, कारण जीप तिथपर्यंत जायची. दुसरीसाठी जागा शोधत होतो. कड्याकडचा बराच भाग जंगल खात्याचा, तिथे खांब रोवता येणार नव्हते. तेव्हा मावशी पुढे आली. तिचं नाचणीचं शेत अगदी कड्याला लागून होतं.

"हितं लावा," ती म्हणाली. "धुई हितनंच चढती. साळंपाशी न्हाई जात ती. मधी टेकाड हाय ना."

साहेब हसले. म्हणाले, "बघू या की. दोन्हीकडे लावून बघू."

नारायणगावहून हिरवी जाळी आणली, रोपवाटिकेवर घालतात ती. ती दुहेरी करून लोखंडी खांबांना ताणून बांधली. खाली प्लास्टिकचा पाइप उभा चिरून पन्हाळासारखा लावला आणि त्याचं तोंड झाकणाच्या निळ्या पिंपात सोडलं. रोज सकाळी पिंपातलं पाणी पाच लिटरच्या कॅननं मोजायचं आणि वहीत लिहायचं. शाळेजवळचं काम गुरुजींकडे, कड्यावरचं मावशीकडे. मावशीला लिहिता येत नव्हतं. तिला मी सांगितलं, एका कॅनला एक उभी रेघ, अर्ध्याला अर्धी. काहीच नसेल तर टिंब द्या.

दर गुरुवारी मी पहिल्या एस.टी.नं जायचे. डिंभ्याचा घाट चढून तळेघरला उतरायचं, तिथून चालत. पोचेपर्यंत दहा वाजायचे. धुकं कधीच विरलेलं असायचं, ऊन लागायला सुरुवात झालेली असायची. गुरुजींची वही निळ्या शाईची, शून्यांमागून शून्यं, प्रत्येक शून्य एकसारखं गोल. मावशीच्या वहीत कोळशाच्या रेघा. एखाद्या सकाळी चार, एखाद्या सकाळी पाच, मग सलग टिंबं, मग पुन्हा रेघा.

पाण्याचं काय केलं, हे मी एकदा विचारलं.

"म्हातारीला न्हायाला घातलं," ती म्हणाली. म्हातारी म्हणजे तिची सासू. नवरा नारायणगावकडे कांद्याच्या कामाला गेलेला, घरात या दोघीच. "फागुनापासनं तिच्या डोक्याला पानी न्हवतं. लई आशिर्वाद दिलं तुमाला."

मला बरं वाटलं, पण वहीकडे बघून मन खात होतं. दोन जाळ्यांमध्ये अंतर फार तर अर्ध्या कोसाचं. एकीकडे रोज शून्य आणि दुसरीकडे पाच कॅन, हे कसं? मी दोन वेळा मुद्दाम गुरुजींच्या घरी मुक्काम करून पहाटे कड्यावर गेले. दोन्ही वेळा आभाळ स्वच्छ, पिंप कोरडं. मावशी म्हणाली, "आज वारा खालनं न्हाई ना, ताई. वारा कोकनातनं आला पायजे." मी मान डोलावली. साहेबांना मात्र येऊन सांगितलं की कड्यावरच्या नोंदी जरा जास्त वाटतात.

ते एवढंच म्हणाले, "बाईला वाटत असेल, पाणी दिसलं तर आणखी जाळ्या येतील. माणूस आशेनं करतो असं."

हे बोलणं माझ्या डोक्यात बसलं. खरं तर एका गुरुवारी पन्हाळाखालची माती मी ओली पाहिली होती. भर मे महिन्यात, सकाळी दहाला, जाळीच्या पूर्ण लांबीभर चिखलाची पट्टी. पाणी पिंपात ओतलं तर चिखल पिंपापाशी होईल, जाळीखाली सगळीकडे कसा होईल, हा विचार करायला बी.एस्सी.ची गरज नव्हती. मी तो केला नाही.

मे महिन्याच्या मध्यावर पुण्याहून पैसे देणारे पाहुणे आले. त्यांना पटलं असतं तर कड्यावर आणखी जाळ्या लागल्या असत्या, आणि वाडीपर्यंत पाइप आला असता. सगळी वाडी शेतात जमली होती. मावशीनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि पिंप बाहेरून पुसून लख्ख केलं होतं. साहेबांनी झाकण उचललं. आत थेंब नव्हता.

एका पाहुण्यानं वही चाळली. "परवा पाच कॅन, काल चार, आणि आज आम्ही आलो तर काहीच नाही? शाळेजवळ तर रोजच शून्य." मग हसून विचारलं, "हे पिंप भरतं तरी कोण?"

बाकीचे हसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आपण मूर्ख ठरतोय, एवढंच त्या क्षणी कळत होतं. मी म्हणाले, "रेघा यांनी ओढल्यात. मी स्वतः पाणी पाहिलेलं नाही. मला खात्री देता येणार नाही."

शब्दाला शब्द लावून पाहिलं तर यात खोटं काहीच नव्हतं.

पाहुणे जीपकडे वळले, साहेब त्यांच्यामागे गेले. मावशी जाळीचा खांब धरून उभी होती. ती ओरडली नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"ताई, दरीतनं हंडा चढवून आणायचा आन् तुमच्या पिपात वतायचा? मला काय येड लागलंय व्हय?"

"मावशी, मी तसं म्हटलं नाही."

"म्हनला न्हाई, पर तसंच ठिवलंत." मग म्हणाली, "तुमच्या दुकानात काटा तुमचा आस्तो. आमाला त्यो वाचता येत न्हाई. शेटजी सांगत्यात त्येवढं आमी धरतो ना? मग माज्या रेघा धरायला तुमाला काय झालं?"

जीपचा हॉर्न वाजला आणि मी गेले. धावतच गेले, हे आठवतं.

पंधरा दिवसांत साहेबांनी जाळ्या उतरवल्या. पुढच्या वर्षी बघू म्हणाले, पण पुढच्या वर्षी संस्थाच उरली नाही. माझं लग्न जुन्नरला ठरलं. मावशीला भेटायला एकदा तरी जावं, असं लग्नाआधी रोज वाटायचं. त्या उन्हाळ्यात हिरडा घेऊन ती आमच्या दुकानी आली नाही. वाडीतली दुसरी एक बाई आली, तिला मी आडून विचारलं. ती म्हणाली, "ती आता मंचरच्या येपाऱ्याला घालती." माझ्या वडिलांनी तिचं काय बिघडवलं होतं?

जुन्नरला मी शाळेत विज्ञान शिकवू लागले. बाष्पीभवन, सांद्रीभवन, दवबिंदू. दर वर्षी तो धडा यायचा आणि मी तो उरकून टाकायचे.

बारा-तेरा वर्षांनी, मे महिन्यातच, सासरच्या मंडळींबरोबर भीमाशंकरला निघाले. गर्दीच्या आधी दर्शन व्हावं म्हणून अंधारातच निघालो होतो. उजाडताना कड्याजवळच्या वळणावर ड्रायव्हरनं गाडी थांबवली, समोरचं काही दिसेना. आम्ही खाली उतरलो. खालून, कोकणातून, धुकं चढत होतं. वारा अंगावर येत होता आणि माझी साडी पाच मिनिटांत भिजली. जांभळीच्या झाडाखाली पाऊस पडावा तसे थेंब टपटपत होते, झाडाखालचा डांबरी रस्ता काळाभोर ओला. मी पन्नास पावलं मागे चालत गेले, एका टेकाडाच्या आड. तिथे रस्ता कोरडा होता, धुरळा तसाच, आणि वर आभाळ निळं.

नवऱ्यानं विचारलं, "काय झालं?" मी ओला पदर पिळला आणि गाडीत बसले.

दोन दिवसांनी एकटीच एस.टी.नं गेले. मावशी अंगणात हिरडा वाळत घालत होती. केस पुरते पिकले होते. तिनं मला लगेच ओळखलं, घोंगडी अंथरली, गुळाचा चहा केला. सासू वारली, नवरा आता इथंच असतो, गुडघे दुखतात, असं सगळं सांगितलं. जाळीचं नाव काढलं नाही. शेवटी मीच म्हणाले.

"मावशी, ते पाणी खरं होतं. माझी चूक झाली. मी समजून घेतलं नाही."

ती हिरडे चाळत राहिली. "मला म्हाईत हाय की खरं व्हतं. मला काय सांगता?"

"मग कुणाला सांगू?"

"वाडीला सांगा. जाळ्या माज्यापाई गेल्या म्हन्त्यात. मी पानी वतलं म्हनून पाइप आला न्हाई म्हन्त्यात. पाण्याच्या कमिटीत बाया घेतल्या, तवा माजं नाव निघालं तर समदे हासले. 'पानी वतणारी' म्हन्त्यात मला."

शाळेपाशी टँकरची वाट बघत बायका बसल्या होत्या, हंड्यांची रांग लागलेली. मावशी माझ्याबरोबर आली, आपले दोन हंडे घेऊन. मी वर्गात बोलावं तशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. जाळी कुठे होती, वारा कुठून आला की धुकं लागतं, टेकाडामुळे शाळेजवळ का लागत नाही, आणि पाहुण्यांपुढे मी काय बोलले. मावशीनं एक थेंबही ओतला नव्हता, असं दोनदा सांगितलं.

मग एक नवी सून शेजारणीला म्हणाली, "कुठली जाळी?" शेजारणीलाही ठाऊक नव्हतं. जमलेल्यांतल्या बऱ्याचजणी नंतर लग्न होऊन आलेल्या. त्या दिवशी शेतात उभं राहून हसलेले लोक म्हातारे झाले होते, कुणी कामावर गेलेले, कुणी वारलेले.

"आमाला वाटलं, त्या भीमाशंकराच्या पिंडीवर पानी वत्यात," ती सून म्हणाली. "म्हनून 'पानी वतणारी' म्हन्त्यात."

दोघीतिघी हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. तेवढ्यात टँकरचा आवाज आला आणि सगळ्या उठल्या. मी बाजूला झाले. मावशी रांगेत घुसली होती, तिचा एक हंडा कुणाच्या तरी पायानं लवंडला होता. तो मी उचलून तिच्या हातात दिला. तिनं घेतला, माझ्याकडे न बघता.

त्यानंतर मी आणखी दोनदा त्या वाडीत गेले. गुरुजी बदलून गेले होते, साहेब वारल्याचं मंचरमध्ये कळलं. कमिटीच्या नव्या अध्यक्षालाही भेटले, त्यानं नीट ऐकून घेतलं, मावशीला पुढच्या वेळी घेऊ म्हणाला. निघताना वाटेवर एका म्हाताऱ्याला सहज विचारलं, मावशी घरी आहे का. त्याला कोण ते कळेना. मी घराची खूण सांगितली तेव्हा त्याचा चेहरा उजळला.

"आसं सांगा की, ताई. पानी वतणारी व्हय! हाय ना, घरीच हाय."