लूस मरीनाच्या सहाशे आया

सुमेधाताई १९७४ साली नागपूरहून कॅनडात आल्या, तेव्हा बायोकेमिस्ट्रीची एम.एस्सी. होऊन आल्या होत्या. तरी पहिली सहा वर्षं त्यांनी विद्यापीठाच्या लॅबमध्ये काचेची भांडी धुतली, मग टेक्निशियन झाल्या. राहायला कॅनडातल्याच केंब्रिज गावात. कितीही बर्फ पडो, फावड्याने ड्राइव्हवे मोकळा करून आठला लॅबमध्ये हजर.

२००८ साली, रिटायरमेंटला वर्ष उरलेलं असताना, तिथे कोलंबियातून कॅनडात आलेल्या लोकांचा अभ्यास सुरू झाला. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची आणि फक्त आईकडून मुलांना मिळणारा डीएनए तेवढा वाचायचा.

लॅबची साफसफाई करणारी लूस मरीना कोलंबियातल्या मेदेयीन शहराजवळच्या डोंगरातल्या गावची. नमुना देताना ती हसत म्हणाली, "माझ्यात काय सापडणार? आम्ही पक्के स्पॅनिश. आडनावच रेस्त्रेपो!"

तिचा निकाल पाहून सुमेधाताईंना वाटलं, नळ्यांची अदलाबदल झाली असावी. त्यांनी नमुना पुन्हा लावला. उत्तर तेच आलं. चाळीस नमुन्यांपैकी छत्तीस तसेच निघाले. सगळ्यांची आडनावं स्पॅनिश, आणि आईची वाट मात्र अमेरिकेच्या मूळ रहिवाशांकडे जाणारी.

सुमेधाताईंना उलगडा झाला. स्पेनच्या जहाजांतून आले होते ते पुरुष. ज्या बायकांना त्यांनी घरात आणलं, कित्येकींना ओढून आणलं, त्यांची नावं कुणी लिहिलीच नव्हती. आणि चारशे-पाचशे वर्षांनी त्याच बायका इथे, एकीमागून एक, स्क्रीनवर उमटत होत्या.

लूस मरीनाने फॉर्मवर निकाल हवा म्हणून लिहिलं होतं. लंचरूममध्ये सुमेधाताईंनी तिला सगळं समजावलं. "त्याच्याही मागे गेलं, तर पंधराएक हजार वर्षांपूर्वी उत्तरेतून चालत आलेल्या बायका."

"उत्तरेतून? म्हणजे या कॅनडातून?"

"हो, बहुधा याच्याच पश्चिम किनाऱ्याने."

लूस मरीना खिडकीबाहेरच्या बर्फाकडे बघत राहिली. "इथे येऊन सात वर्षं झाली," ती हळूच म्हणाली, "मला वाटत होतं, आमच्यातली इथे आलेली मीच पहिली."

रात्री पोळ्या लाटता लाटता सुमेधाताईंनी नवऱ्याला हिशेब सांगितला. "सहाशे पिढ्या, अरविंद. सहाशे आया. एवढ्या थंडीत, उपासमारीत, साथींत, आणि एकीलाही मुलगी झाल्याशिवाय मरण आलं नाही. एक जरी कमी पडली असती तरी लूस मरीना नसती."

अरविंदरावांनी टीव्ही बंद केला. "आणि तुझ्या?"

"माझ्याही असतीलच की तेवढ्या." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "पण मला दोन्ही मुलगेच. वाट इथे संपली."

"सीमाला मुलगी आहे ना. तुमची आई तर एकच."

नागपुरात तेव्हा सकाळ उजाडली होती. सुमेधाताईंनी पिठाच्या हातांनीच बहिणीचा, सीमाचा, नंबर फिरवला. फोन भाचीने, अबोलीने, उचलला.

"मावशी? आज मधेच कसा फोन?"

"काही नाही गं," सुमेधाताई म्हणाल्या. "बोल तू. काहीही बोल."