वाटी भरतच नव्हती

आधीच सांगून ठेवते, मला अक्कल शिकवायला कोणी येऊ नका. "वाटीला भोक असेल", "तांब्या अर्धाच असेल", "दुःखात असे भास होतात ताई"... ऐकून ऐकून कान किटले माझे. मी जबलपूरला पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षांपासून नोकरी करते. पाणी मोजणं हेच माझं काम. आणि आम्ही बौद्ध. देव, भूत, आत्मा, अंगात येणं — आमच्या घरात यातल्या कशालाच थारा नाही. लहानपणी मी एकदा चिंचेवर चुडैल आहे म्हटलं, तर मोठ्या मायनं मला हाताला धरून त्याच झाडाखाली नेऊन उभं केलं होतं. "दिसून राहिली का कोणी? नाही ना? मग चल, अभ्यासाला बस."

मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. मी चार वर्षांची असताना माझी आई गेली, आणि हिनं मला आपल्या अशोकच्या ताटात जेवायला बसवलं. लग्न होऊन गोंदियाहून छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेज गाडीनं जबलपूरला आली तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. इथल्या कांचघर वस्तीत दोन खोल्या. मोठे बाबा फॅक्टरीत, आणि ही दारात मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायची. वळता वळता आमचे पाढे ऐकायची. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण पाढा चुकला की सुरावरून तिला बरोबर कळायचं. शाळेत मास्तरांनी मला मागं बसवलं, तर तंबाखूच्या हातानं तशीच शाळेत गेली आणि मला पुढच्या बाकावर बसवूनच परत आली. पन्नाशी उलटल्यावर माझ्याच पाटीवर सही शिकली. त्र्याण्णव वर्षं जगली. शेवटची सहा वर्षं मात्र खाटेवर.

भांडण झालं ते तिच्या जीवनपरिचयावरून. आमच्याकडे पुण्यानुमोदनाच्या दिवशी गेलेल्या माणसाचं आयुष्य लिहून सगळ्यांसमोर वाचतात. ते मी लिहिलं. 'अपत्ये : अशोक आणि बेबी.' बेबी म्हणजे मी. कागद अशोक भैयाकडे पाठवला, तर त्यानं माझं नाव खोडून खाली 'पुतणी' म्हणून टाकलं.

फोन केला. म्हटलं, "भैया, हे काय करून राहिला तू?"

"जे आहे ते लिहिलं. तू काकाची पोरगी आहेस."

"तिनं वाढवलं मला!"

"अच्छा? आणि म्हातारपणी कोणी पाहिलं? सहा वर्षं माझ्या घरी होती. तू यायची रविवारी दोन केळी घेऊन."

दोन केळी! अंगाचा असा तिळपापड झाला की काय सांगू. मीही मग त्याचं सगळं काढलं. म्हटलं, तू तरी कधी तिच्या खोलीत पाच मिनिटं बसला का? वास येतो म्हणून नाकाला रुमाल लावायचा तू. त्यानं फोन आपटला. मी माझा कागद तसाच ठेवला. ठरवून टाकलं की भर मंडपात वाचीन आणि मी कोण ते सगळ्यांना सांगीन. मला दुसरं काही नको होतं. फक्त तिची मुलगी म्हणून उभं राहायचं होतं.

रविवार, सकाळचे अकरा. घरासमोर मंडप, शे-सव्वाशे लोक. भैयानं त्याचा कागद वाचला. तो बसायच्या आत मी उठून माझा वाचला. कोणीतरी "दीदी, रहने दो" म्हणालं, तरी मी वाचतच राहिले. भाऊ-बहीण मयताच्या कार्यक्रमात एकमेकांवर ओरडत होते... हो, ओरडलो आम्ही. लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? शेवटी विधीला आलेले भिक्खू, भन्तेजी, म्हणाले, "आता जलदान करू या," तेव्हा आम्ही थांबलो.

जलदान असं असतं — परातीत वाटी ठेवायची. भन्तेजी गाथा म्हणतात, घरचं माणूस तांब्यातून वाटीत धार धरतं, वाटी भरून पाणी परातीत सांडू द्यायचं. धार धरणाऱ्याच्या खांद्याला मागच्यानं हात लावायचा, त्याच्या खांद्याला त्याच्या मागच्यानं. केलेलं पुण्य गेलेल्या माणसाच्या नावानं वाटायचं, एवढाच अर्थ.

भैयानं धार धरली. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं खांदा झटकला. सगळ्यांसमोर.

गाथा सुरू झाली. तांब्या रिकामा झाला... आणि वाटी अर्धी.

मी अगदी वाकून पाहत होते, म्हणून सांगते. त्या तांब्यात अशा पाच वाट्या पाणी मावतं. वाटी अर्धी, परात कोरडी ठणठणीत. भैयाला वाटलं तांब्या कमी भरला होता. दुसरा आणला. तोही ओतला. पाणी पडताना दिसत होतं, आवाजही येत होता. वाटी अर्धीच! मागून कोणीतरी कुजबुजलं, "अगं बाई, हे का होऊन राहिलं?"

खरं सांगू? मला आनंद झाला. म्हटलं, घे! तुझ्या हातचं नको आहे तिला. "सरक," म्हणून मी तिसरा तांब्या घेतला आणि धार धरली. हात स्थिर होता माझा, रोजचं काम आहे. शेवटचा थेंब पडला.

वाटी अर्धी.

मी वाटी उचलून पाहिली, बोट फिरवलं. खाली कोरडं. भन्तेजींची गाथा थांबली होती. भैयाचा चेहरा पांढराफटक पडला होता, माझाही पडला असेल. तेवढ्यात कांता भाभी आतून चौथा तांब्या घेऊन आली. कांता भाभी म्हणजे भैयाची बायको, इकडच्याच मझौली गावची, हिंदी बोलणारी. सकाळपासून ती आत पुऱ्यांच्या कढईपाशीच होती. भन्तेजी म्हणाले, "आप ही डाल दीजिए."

"मैं? नहीं नहीं... मेरे तो हाथ भी आटे के हैं."

"डालिए."

तिनं तांब्या कलता केला. वाटी भरली. लगेच भरली आणि सांडली, परात भरली, परातीच्या काठावरून पाणी जमिनीवर आलं, आमच्या दोघांच्या पायाखाली आलं. आणि तांब्यात अजून अर्ध्याच्या वर पाणी शिल्लक होतं. एवढं पाणी आलं कुठून? आधीचे तीन तांबे गेले कुठं? मी ती वाटी घरी आणली आहे. वीस वेळा मोजून पाहिलं. वाटीला भोक नाही, पोचा नाही. त्या तांब्यानं दरवेळी पाच वाट्या भरतात.

त्या दिवशी संध्याकाळी दोन्ही कागद पुन्हा वाचले. भैयाची दोन पानं, माझी दोन पानं. तिला भरवणारी, पुसणारी, कूस बदलून देणारी, सहा वर्षं त्या वासात झोपणारी कांता भाभी... तिचं नाव त्याच्याही कागदात नव्हतं, माझ्याही नाही. 'पुतणी' शब्दासाठी मी मंडप डोक्यावर घेतला, आणि तिच्यासाठी मला अर्धी ओळ सुचली नाही.

भाभीला विचारलं मी. तर म्हणाली, "दीदी, मुझे क्या पता. अम्मा तो मुझसे सीधे मुँह बात भी नहीं करती थीं." हेही खरंच आहे. मोठी माय तिला दिवसभर टाकून बोलायची.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, तुमच्याकडे असेल तर मोजमापासकट सांगा. पण एक गोष्ट आतून जाळून राहिली आहे. आमच्या आधीच्या पिढ्यांनी अख्खं आयुष्य लोकांचं हेच ऐकलं की तुमच्या हातचं पाणी चालत नाही. मोठी मायही ते ऐकतच लहानाची मोठी झाली. आणि आता मी, एकटी असले की, रिकाम्या खोलीत मोठ्यानं विचारते — माय, माझ्या हातचं काहून नाही चाललं गं तुला?