स्पर्धेबाहेरचा खलाशी

"वहिनी, आपले वीर संपले का हो?" मंडळाच्या सेक्रेटरींनी फोनवर मला विचारलं तेव्हा मी आमटीला फोडणी देत होते. फोडणी करपली आणि माझं डोकंही तापलं.

फुजैरात आम्ही मराठी माणसं मूठभर. दुबई-शारजाचा थाट इथे नाही. तरी वर्षातून एकदा हॉटेलचा हॉल घेऊन मंडळाचा कार्यक्रम होतो आणि त्यात मुलांची वेशभूषा स्पर्धा असतेच. विषय ठरलेला, स्वातंत्र्यवीर. गेल्या वर्षी माझी लेक मावळा झाली होती. जवळजवळ सगळीच मुलं मावळे होती, एक दाढी तर तिघांनी आळीपाळीने लावली. लेक इथेच जन्मली, इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी इंग्रजीच्या चालीवर चालतं. ती स्टेजवर बोलायला लागली आणि हॉल हसला. कौतुकानं हसलो, असं मागाहून सगळ्यांनी सांगितलं. मग कुणीतरी तो व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि त्याखाली हसून लोळणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग लागली.

त्या दिवसापासून पोरीनं मराठी बोलणं टाकलं. मी मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. वेंगुर्ल्याला माझ्या आईशी दर शुक्रवारी फोनवर गप्पा मारायची, तेही थांबलं. "शी विल लाफ टू," म्हणाली. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. आई विचारायची, "बाय माझ्यावर रुसली काय गो?" मी काहीबाही सांगून वेळ मारून नेत असे. मला त्या पिवळ्या चेहऱ्यांचा संताप यायचा. अजून येतो.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक ग्रीक कप्तान राहतात. जन्म एका बेटावरचा, सारी हयात जहाजांवर गेली. आता वय झालं तरी बंदरावर तेल भरायला येणाऱ्या जहाजांचं बघणाऱ्या कंपनीत सल्लागार आहेत. बायको वारली, मुलं लांब. मी क्लिनिकमधून घरी येईपर्यंत लेक त्यांच्याकडे बसायची. संत्र्याच्या सालीचा मुरंबा खायची आणि त्यांच्या पणजोबांच्या आजोबांची गोष्ट ऐकायची. रोज थोडी थोडी, आपल्याकडे पोथी लावतात तशी.

हा पूर्वज साधा खलाशी. बेटावर बंड झालं तेव्हा त्यानं अगदी उफराटं काम पत्करलं. जुनं जहाज घ्यायचं, त्यात डांबर, सुकी झुडपं, बंदुकीची दारू ठासून भरायची आणि ते शत्रूच्या मोठ्या जहाजाला नेऊन अडकवायचं. बाकीचे आधीच मागच्या होडीत उतरायचे. बत्ती लावून शेवटी उडी मारायची ती यानं. समुद्रावरची लढाई आटोपल्यावर तो डोंगरात शिपाई म्हणून लढला आणि दोन बोटं गमावून बसला. देश स्वतंत्र झाला, पण गादीवर बाहेरून आणलेला राजा बसला. आम्ही काय उसन्या राजासाठी जहाजं जाळली, असं हा चारचौघांत म्हणाला. ज्या राज्यासाठी बोटं दिली त्याच राज्यानं त्याला तुरुंगात घातलं. पुढे निरोप आला, माफी माग, सुटका होईल, वर पदकही मिळेल. यानं माफी मागितली नाही आणि पदकही घेतलं नाही. शिक्षा पुरी भोगून बाहेर आला आणि मरेपर्यंत होड्या बांधत राहिला.

एका संध्याकाळी लेक घरी आली आणि चपला न काढताच म्हणाली, "आई, आय वॉन्ट टू बी हिम."

"कुठे?"

"ऑन स्टेज. इन मराठी."

"आणि कुणी हसलं तर?"

"लेट देम. ही डिडन्ट केअर."

माझ्या पोटात आनंद मावेना, पण चेहरा मी तसाच ठेवला. नाहीतर पोरीनं तिथल्या तिथे माघार घेतली असती. लगेच मंडळाला नाव कळवलं, आणि मग तो फोन आला.

"संपले नाहीत," मी सेक्रेटरींना म्हटलं, "पण तुमच्या दाढ्या कमी पडतात."

"वहिनी, थीम क्लिअर आहे. आपले वीर. उद्या कोणी नेपोलियन घेऊन येईल."

"येऊ दे की. मराठीत बोलला म्हणजे झालं."

शेवटी त्यांनी तोडगा काढला. येऊ दे तिला, पण स्पर्धेबाहेर. नवरा म्हणाला, "खलास, सोडून दे ना आता. रोज ह्याच लोकांची तोंडं बघायचीत." मी म्हटलं, "मग त्यांनीही आपली बघावीत."

कपड्यांच्या बाबतीत मात्र मी आपटले. इंटरनेटवर ग्रीक योद्ध्याचा फोटो पाहिला, शारजाला रोल्लाच्या कापडबाजारात जाऊन पांढरं कापड आणलं आणि चुण्यांचा झकास घेरदार झगा शिवला. कप्तानांना दाखवला तर त्यांचा पारा चढला. "नो, मॅडम, नो!" तो झगा डोंगरातल्या लोकांचा. बेटावरचा माणूस असा घागरा घालून दोरखंडावर चढेल का? त्यांनी कागदावर चित्र काढलं. काळी ढगळ विजार, मधला घोळ दोन पायांत ओढून मागे खोचलेला. मी बघतच राहिले. हा तर आमच्याकडे कोळणी नेसतात तसा काष्टा! मी कपाटातली माझी काळी साडी काढली, दोन्हीकडून दुमडून लेकीला गुडघ्यापर्यंत घट्ट नेसवली. कप्तानांनी चष्मा वर करून मागून-पुढून पाहिलं, कमरेचा लाल पट्टा स्वतः बांधला आणि म्हणाले, आता हिला जहाजावर घेईन.

कार्यक्रमाला त्यांना आम्ही पुढच्या रांगेत बसवलं. शब्द कळणार नव्हता, तरी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. सेक्रेटरींनी माईकवर जाहीर केलं, "यानंतर एक एन्ट्री, स्पर्धेबाहेर." स्पर्धेबाहेर हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

लेक उभी राहिली. "मी खलाशी आहे. माझं बेट लहान आहे, पण माझा आवाज लहान नाही." चाल तीच, इंग्रजी. मागच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. ती थांबली. तिनं त्या दिशेला पाहिलं आणि म्हणाली, "हसा. मी थांबते. तुमचं झालं की पुढे सांगते." मग तिनं सगळं सांगितलं, डांबर, बत्ती, उडी, उसना राजा, तुरुंग. अडली तिथे अडली, पण इंग्रजी शब्दाचा आधार घेतला नाही. "मी माफी मागितली नाही," असं म्हणून तिनं संपवलं आणि टाळ्या वाजल्या. चांगल्या वाजल्या, खोटं कशाला बोलू.

टाळ्या ऐकून सेक्रेटरी विरघळले. भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाला मेडल होतं. ते प्रमुख पाहुण्यांना म्हणाले, "चला, हिलाही एक देऊन टाकू." दुबईतल्या देऱ्याहून आलेले पाहुणे हसतमुखानं मेडल घेऊन पुढे झाले.

"नको," लेक म्हणाली.

आणि मी, इतके दिवस तलवार उपसून बसलेली बाई, खुर्चीतून ओरडले, "अगं घे! मोठ्यांनी दिलेलं घ्यावं!"

तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहुण्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "काका, मी स्पर्धेत नव्हते. आणि त्यांनीपण घेतलं नव्हतं." पाहुण्यांचा हात तसाच राहिला. कप्तानांना मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, पण नाकारलेलं पदक त्यांना कळलं. ते उभे राहिले आणि ती स्टेजवरून उतरेपर्यंत उभेच राहिले.

परतताना गाडीत मागे ती आणि कप्तान बसले होते. नवरा ग्रुपवर काय काय येईल याच्या काळजीत असावा. मला कसलीच काळजी वाटत नव्हती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा लेकीनं मागून हात पुढे केला आणि माझा फोन मागितला. वेंगुर्ल्याला रिंग गेली, पलीकडून आईचा आवाज आला, "बाय? खरंच तू काय गो?"

"हो, आजी, मीच. तुला एक गोष्ट सांगायची आहे. मोठी आहे." मग ती पुढे म्हणाली, "हसायचं तर हस. मी थांबणार नाही."